शाळेतली "पडला. लावले." वही: तिचं करायचं काय?

कोथिंबीर

मुलगी पाचवीत. शाळा अनुदानित, मराठी माध्यम, दोन सत्रांत भरणारी. नाव सांगत नाही आणि कृपया कोणी ओळखायचा प्रयत्नही करू नका.

यंदा विद्यार्थी सुरक्षा समितीवर पालक म्हणून माझं नाव घातलं गेलंय. 'घातलं गेलंय' असंच म्हणते, कारण पालकसभेत मान खाली घालायला मला एक क्षण उशीर झाला. पहिल्या बैठकीत चहा-बिस्किटं झाली, मग अहवाल वाचला गेला: "चालू वर्षात एकही अनुचित प्रकार घडलेला नाही." सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली.

बाहेर पडताना कार्यालयाच्या बाकावर तिसरीतली एक मुलगी बसलेली. ओठ फुटलेला, मावशी रुमालात बर्फ धरून तिच्या तोंडाला लावतायत. बर्फ लावून झाल्यावर मावशींनी एक लांबुडकी वही काढली आणि लिहिलं. मी डोकावले. तारीख, नाव, इयत्ता आणि शेवटी: "पडली. लावले."

मुख्याध्यापिका बाई चांगल्या आहेत, मागितल्यावर वही दिली. जून ते जानेवारी १४३ नोंदी. बहुतेक सगळ्या "पडला. लावले." मधूनच "लागले. लावले." आणि एके ठिकाणी "भांडण. दोघांना लावले." कुठे पडला, किती वाजता, कशामुळे, काही नाही.

मग एका शनिवारी मावशींसोबत बसले. त्यांना शेवटच्या दोन महिन्यांतल्या ३८ नोंदी जवळजवळ तोंडपाठ होत्या. "हा ना, हा नळापाशी. ही पण नळापाशी. हा जिन्यात, पण पळत नळाकडंच चाललेला." ३८ पैकी १७ पाण्याच्या नळांभोवती आणि सगळ्या सकाळच्या मधल्या सुट्टीत. जाऊन पाहिलं. सहा नळ, त्यातले चार कोरडे. खाली शहाबादी फरशी, तिच्यावर शेवाळ. आणि सुट्टी पाच इयत्तांची एकदम. ते "दोघांना लावले" भांडणही पाण्याच्या रांगेतलंच निघालं.

तर प्रश्न असे. तुमच्या शाळेत अशा नोंदींचं कोणी काही करतं का? चिडवणं, डबा पळवणं, वाळीत टाकणं हे कुठल्या वहीत येतं? आणि "एकही प्रकार नाही" लिहिणाऱ्यांना १४३ हा आकडा कसा सांगायचा, म्हणजे त्यांना राग येणार नाही?

रिकामटेकडा

"पडला. लावले." हे माझ्या शेअर बाजारातल्या कारकिर्दीचं वर्णन आहे. फक्त क्रम उलटा. आधी लावले, मग पडला.

खडूफळा

ताई, तळमळ कळली. पण शिक्षिका म्हणून सांगते, वही वाढवा म्हणणारा माणूस दिसला की आमच्या पोटात गोळा येतो. सरल, यू-डायस, अपार अशा सरकारी ऑनलाइन नोंदी, पोषण आहाराच्या नोंदी, वर बीएलओची म्हणजे मतदारयादीची कामं. शिकवणं हा आता आमचा छंद राहिलाय.

आणि प्रामाणिक नोंदीचं काय होतं तेही ऐका. तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या मारामारीची मी तारीख-वेळ घालून नोंद केली, दोन्ही पालकांना बोलावलं. एका पालकासोबत नगरसेवक आले. त्याच वहीचं पान फिरवून मला विचारलं, "बाई, तुम्ही तेव्हा कुठे होतात?" संस्थेकडून कारणे दाखवा नोटीस आली. शेजारच्या तुकडीत यापेक्षा जास्त हाणामाऱ्या होतात. तिथल्या सरांची वही स्वच्छ. त्या वर्षीचा संस्थेचा आदर्श शिक्षक पुरस्कार त्यांनाच.

तेव्हापासून माझ्याही वर्गात सगळे 'पडतात'.

भोसरीकर

कारखान्यात सुरक्षा विभागात २२ वर्षं काढली, त्यामुळे राहवत नाही.

खडूफळा ताईंनी सांगितलं ना, तेच आमच्याकडे फाटकावरच्या पाटीमुळे होतं. "अपघाताविना दिवस: २११." आकडा वाढला की सगळ्यांना मिठाई आणि भेटवस्तू. मग काय, बोट चेचलेला गडी बँडेज बांधून स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलेला, कारण हजेरी लागली की तो अपघात कागदावर धरायचा नाही. पाटी मात्र चमकतेय.

१९३१ मध्ये हाइनरिश नावाच्या अमेरिकन विमावाल्याने मांडलं होतं की एका मोठ्या इजेमागे २९ किरकोळ इजा असतात आणि ३०० वेळा नुसतं थोडक्यात निभावलेलं असतं. त्या आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्त आहे, प्रत्येक जागेला १-२९-३०० लावत बसू नये. पण मूळ सवय कामाची. निभावलं तेही लिहायचं. आम्ही 'निअर मिस' म्हणतो. तुमच्या नळापाशी घसरून न पडलेली पोरं वहीत नाहीतच, ती १७ च्या कितीतरी पट असणार.

दुसरी गोष्ट. नोंदींचं टार्गेट देऊ नका. आमच्याकडे एकदा 'माणशी महिन्याला दोन निअर मिस' असं फर्मान निघालं. महिनाअखेरीला ढीग. "जमिनीवर नट दिसला, उचलला." एकाने चार महिने तोच नट उचलला.

रिकामटेकडा

त्या नटाला दीर्घसेवा पुरस्कार दिला का?

आबा_सोलापूर

वय ७१. आमच्या वेळी वही नव्हती, समिती नव्हती, छडी होती. पडलो तर घरी सांगायची सोय नव्हती, कारण घरी आणखी एक बसायची. तरी माणसं झालो. हल्ली पोर खरचटलं की पालक वकील गाठतात. नळ दुरुस्त करा आणि सोडून द्या, एवढ्यासाठी धागा कशाला?

काळाकोट

आबा, वकिलांची रोजीरोटी काढू नका :)

छडीचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे.

कोथिंबीर ताई, माझ्या विषयापुरतं स्पष्ट सांगतो, कारण इथे चांगली माणसं चुकतात. तुमची वही पडणं, ढकलणं, भांडणं यांसाठी. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी तो या वहीचा आणि समितीचा विषय उरत नाही. पॉक्सो कायदा २०१२, कलम १९: गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्या किंवा घडण्याची भीती वाटणाऱ्या कोणीही पोलिसांना कळवलंच पाहिजे. "आधी आपण अंतर्गत चौकशी करू, शाळेचं नाव जाईल" हे वाक्य उच्चारलं की समजा गाडी चुकीच्या रुळावर गेली. न कळवल्यास कलम २१ लागतं आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. मुलाचं नाव वहीत, व्हॉट्सॲप गटात, कुठेही जाता कामा नये. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा क्रमांक भिंतीवर मुलांच्या उंचीला लावा. बहुतेक शाळांत तो मुख्याध्यापकांच्या उंचीला असतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रेल्वे रुळांवर उतरले ते नुसत्या गुन्ह्यामुळे नव्हे. तक्रार घ्यायलाच लागलेला वेळ हा त्या संतापाचा मोठा भाग होता. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ चा शासन निर्णय आला: सीसीटीव्ही, त्याचं चित्रीकरण आठवड्यातून किमान तीनदा तपासायचं, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, विद्यार्थी सुरक्षा समिती. तुमची समिती त्यातूनच आलेली असणार. गंमत अशी की तक्रारपेटीचा निर्णय २०१७ चा आणि सखी सावित्रीचा मार्च २०२२ चा. म्हणजे २०२४ मध्ये सरकारला आपल्याच जुन्या कागदांची आठवण करून द्यावी लागली.

पाटीपेन्सिल

तक्रारपेटीवरून आठवलं. आमच्या शाळेतली पेटी मुख्याध्यापकांच्या केबिनच्या दाराला लागून. वर बरोबर सीसीटीव्ही. किल्ली मुख्याध्यापकांकडे. वर्षभरात तिच्यात निघालं काय: चॉकलेटचे कागद, एक तुटलेला कर्कटक आणि "गणिताच्या बाईंना दुसऱ्या शाळेत बढती द्या" अशी एक चिठ्ठी. निष्कर्ष: शाळेत तक्रार नाही.

नवीन मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी पेटी उचलून ग्रंथालयात परतीच्या पुस्तकांच्या टेबलाशेजारी ठेवली. पुस्तक टाकतोय की चिठ्ठी, लांबून कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात नऊ चिठ्ठ्या. त्यातल्या तीन एकाच रिक्षाबद्दल.

बसमावशी_नाही_बसताई

रिक्षा!! हाच मुद्दा लिहायला आले होते. वहीत शाळेच्या भिंतीच्या आतलंच येतं. आमच्या फाटकावर साडेबाराला या, मग कळेल. सकाळचं सत्र सुटतंय, दुपारचं आत शिरतंय, मध्ये रिक्षा, व्हॅन, स्कूटरवर तिघं बसवून आलेले बाबा, आणि बर्फगोळेवाला. स्कूलबससाठी २०११ चे राज्याचे नियम आहेत, प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी असं त्यात आहे. आमच्या समितीची पाटी आहे, रंगही छान दिलाय.

जर्सीकर

न्यू जर्सीत १४ वर्षं, दोन्ही मुलं सरकारी शाळेत. इथलं सगळं उत्तम अशा थाटात लिहीत नाहीये, शेवटपर्यंत वाचा.

इथे २०११ पासून दादागिरीविरोधी कायदा लागू आहे. तक्रार आली की मुख्याध्यापकाने शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू करायची, दहा दिवसांत संपवायची. प्रत्येक शाळेत त्यासाठी नेमलेली व्यक्ती असते आणि या कामात शाळेला मिळालेले गुण संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर टाकावे लागतात. माझ्या मुलाच्या वेळी हे सगळं वेळेत झालं. अहवाल आला, पत्र आलं. तो मुलगा बसमध्ये त्याच्या मागच्याच बाकावर बसत राहिला. बाक बदला हे सांगायला मलाच जावं लागलं.

नोंदींचं म्हणाल तर ओरेगॉन विद्यापीठात तयार झालेली स्विस (SWIS) नावाची एक प्रणाली इथे बऱ्याच शाळा वापरतात. तिचा गाभा साधा आहे: किती, काय, कुठे, कधी आणि कोण. शिक्षक महिन्यातून एकदा बसतात आणि या क्रमाने पाहतात. 'कोण' मुद्दाम पहिला घेत नाहीत. 'कुठे' आणि 'कधी' पाहिल्यावर अर्ध्या वेळा उत्तर मूल निघत नाही, जागा निघते. कोथिंबीर, तुम्ही मावशींसोबत केलंत ते हेच, संगणकाशिवाय.

आता काळी बाजू. २००२ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक राज्याला 'सातत्याने धोकादायक शाळा' शोधून जाहीर करायला सांगितलं, तिथल्या मुलांना दुसरीकडे जायची मुभा दिली. कोण स्वतःला धोकादायक म्हणवून घेईल? देशभरात फार थोड्या शाळा त्या यादीत आल्या आणि जिथे खरं लिहिलं गेलं तिथलेच लोक अडकले. शिवाय 'कोण' या रकान्याचा रंग. संघीय शिक्षण खात्याच्या २०११-१२ च्या आकडेवारीत कृष्णवर्णीय मुलांना तात्पुरतं काढून टाकण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या तिप्पट होतं. ती सगळी तफावत मुलांच्या वागण्यातली नव्हे, लिहिणाऱ्या हाताचाही त्यात वाटा आहे, असं इथे पुष्कळ लोक म्हणतात.

दोन_वेण्या

जर्सीकर, शेवटच्या परिच्छेदासाठी आभार. 'कोण' या रकान्याची झळ आम्ही सोसली आहे.

माझा मुलगा सहावीत असताना त्याच्या नावावर वर्षात ११ वर्तन-नोंदी होत्या. "बाकावर उभा राहिला." "शेजाऱ्याला टोचले." मला बोलावून सांगितलं, मूल समुपदेशकाकडे न्या. नेलं. त्या बाईंनी एकच केलं, अकराच्या अकरा तारखा एका कागदावर लिहायला लावल्या. मी वर्गातल्या दुसऱ्या एका आईबरोबर बसून मुलांच्या डायऱ्या जुळवल्या. अकरापैकी आठ दिवस त्याचे वर्गशिक्षक निवडणुकीच्या कामावर आणि दोन तुकड्या एकत्र बसवलेल्या. नव्वद पोरं, तीनच्या बाकावर पाच. टोचेल नाही तर काय करेल?

शाळेने मान्य केलं, तोंडी. पण नोंदी खोडल्या नाहीत. सातवीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी त्याला पुढच्या बाकावर घेतलं, "मला माहितेय तू कोण आहेस" म्हणत. तो घरी येऊन विचारतो, "आई, मी कोण आहे?"

म्हणून ठासून सांगते: नाव वर्षअखेरीला वहीतून जाऊ द्या. जागा आणि वेळ ठेवा.

खडूफळा

दोन वेण्या, त्या निवडणुकीच्या कामावर गेलेल्यांत मी असू शकले असते. वाईट वाटलं वाचून.

पण नाव पूर्ण काढायला माझा विरोध आहे. आमच्याकडे एक मुलगा चार महिन्यांत सहा वेळा 'पडला' होता. नाव होतं म्हणून एका बाईंच्या लक्षात आलं की तो सोमवारीच पडतो. शाळेत पडतच नव्हता. घरून येतानाच वळ असायचे.

काळाकोट

खडूफळा, सोमवारचं निरीक्षण सोन्यासारखं आहे. दोन्ही साधता येईल: वहीत नाव राहू द्या, पण ती कुलपात, मुख्याध्यापक आणि एका जबाबदार शिक्षकापुरती. समितीपुढे फक्त मोजणी ठेवा. समितीतल्या पालकाला दुसऱ्याच्या मुलाचं नाव कळायचं कारण नाही. यात कोथिंबीर ताई, तुम्हीही आलात.

कोथिंबीर

पटलं. मला नावं दिसली हे खरं तर चुकलंच. आता लक्षात आलं की त्यातली चार मुलं माझ्या सोसायटीतली आहेत आणि मी लिफ्टमध्ये त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघते.

रिकामटेकडा

लिफ्टमध्ये कोणी पडलं तर कुठल्या वहीत?

तोक्योची_तेजू

उशिरा आले धाग्यावर. जपानचं एक सांगते, "एकही नाही" या अहवालावर उतारा म्हणून.

२०११ मध्ये ओत्सु शहरात दादागिरीला कंटाळून एका १३ वर्षांच्या मुलाने जीव दिला. शाळा आणि शिक्षण मंडळाने सुरुवातीला जे हात झटकले त्यावरून देश पेटला आणि २०१३ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा झाला. शिक्षण मंत्रालय दरवर्षी देशभरातला आकडा छापतं. २०२३ सालचा ७ लाख ३२ हजारांच्या वर आहे. भारतातून पाहणाऱ्याला वाटेल, काय भयंकर शाळा! पण मंत्रालयाची भूमिका अशी की प्रकार जास्त नोंदले जाणं म्हणजे शाळा डोळे उघडे ठेवून आहे. आणि ज्या शाळेचा आकडा शून्य, तिने तो शून्य मुलांना आणि पालकांना जाहीर करावा, कोणाच्या नजरेतून काही सुटलंय का हे पडताळावं. शून्याचंच स्पष्टीकरण द्यायचं!

गंभीर प्रकार तरीही वाढतच आहेत, त्यामुळे मोजल्याने सगळं मिटलं असं अजिबात नाही. माझ्या मुलीच्या शाळेत वर्षातून काही वेळा कागद येतो: "नको वाटणारं काही घडलं का? दुसऱ्या कोणाचं पाहिलंस का?" सगळ्या मुलांनी काहीतरी लिहायचंच असतं, काही नसेल तर आज डब्यात काय होतं ते. म्हणजे पेन कोणाचं चाललंय त्यावरून कोणी ओळखत नाही.

भोसरीकर

डब्यात काय होतं ते लिहायचं! वा. पुढच्या बैठकीत चोरणार.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री

अवांतर: पुण्यात पाचवीसाठी सेमी-इंग्रजी शाळा कोणी सुचवेल का? वही चांगली असलेली.

आबा_सोलापूर

परवा लिहून गेलो आणि झोप नीट लागली नाही. आठवीत आमच्या वर्गातला एक मुलगा दिवाळीनंतर आलाच नाही. हुशार होता, जरा तोतरा बोलायचा. आम्ही सगळे त्याची नक्कल करायचो, मी चांगली करायचो. मास्तर हसायचे. हजेरीतून नाव कमी झालं, कोणी विचारलं नाही. काल दिवसभर त्याचं नाव आठवत बसलो. नाही आठवलं.

नळाचं काय झालं ते कळवा.

कोथिंबीर

सात आठवडे झाले, म्हणून सविस्तर. आबा, मुद्दाम तुमच्यासाठीही.

समितीत १४३ हा आकडा सांगितलाच नाही. भोसरीकरांच्या पाटीची गोष्ट सांगितली, सगळे हसले, आणि मग शाळेचा हाताने काढलेला नकाशा ठेवला. प्रत्येक पडण्याला एक लाल टिकली, कपाळावर लावतो ती, दोन पाकिटं लागली. नळापाशी टिकल्यांचा गठ्ठा. कोणालाच काही समजावावं लागलं नाही. शिपाईकाका म्हणाले, "वॉशर गेलेत, सहाशे रुपयांत होईल, दोन वर्षं सांगतोय." नळ चार दिवसांत सुरू. फरशी खरवडून घेतली. पहिली-दुसरीची सुट्टी पंधरा मिनिटं आधी केली, याला मात्र महिना गेला, कारण घंटा वाजवणारे एकच आणि वेळापत्रक लावणाऱ्या सरांना तो अपमान वाटला.

खडूफळा, तुमच्यासाठी: नवी वही वाढवली नाही. मावशींच्याच वहीत दोन रकाने आखले, 'कुठे' आणि 'केव्हा'. शिक्षकांचं नाव कुठेच नाही. काळाकोट, वही आता कुलपात, मी पाहत नाही. बाई मला महिन्याची मोजणी देतात.

आता गोंधळ. नळापाशी गेल्या महिन्यात दोनच. पण एकूण नोंदी वाढल्या! आधी महिन्याला अठरा-वीस, आता एकतीस. मुलं किरकोळ गोष्टीही सांगायला यायला लागली. संस्थेच्या सचिवांनी बाईंना फोन केला, "समिती बसवल्यापासून पोरं जास्त पडायला लागली का?" तेजू, तुझा परिच्छेद छापून दिला त्यांना. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "जपानचं वेगळं."

आणि टिकल्या सरकल्यात. आता गठ्ठा साडेबाराला मागच्या जिन्यात, दोन सत्रं एकमेकांना भिडतात तिथे. तिथलं दार आतून लागतं आणि दिवा नाही. गेल्या गुरुवारची नोंद बाईंनी नाव झाकून दाखवली. अक्षर मावशींचंच. "मागचा जिना. १२.३५. पडला" इथवर लिहून त्यावर काट मारलेली, आणि पुढे: "ढकलले. लावले."

दोन_वेण्या

मावशींना साष्टांग. कोणी ढकललं ते विचारलं का कोणी?

कोथिंबीर

बाई त्या मुलाशी दोनदा बोलल्यात, अजून सांगत नाहीये. तोवर दिवा बसवलाय, आणि साडेबाराला त्या जिन्यात मावशी स्टूल टाकून बसतात. वही सोबत असते.